लहान मुलांचे प्रथमोपचार आणि साध्या उपायांवरील अविश्वास

प्रथमोपचार हा शब्द उच्चारला की सामान्य गृहस्थाच्या डोळ्यांपुढे एक पांढरी पेटी उभी राहते. तीत पट्ट्या असतात, कापूस असतो, औषधांच्या लहानमोठ्या बाटल्या असतात. ही पेटी आपल्या घरी नाही, यास्तव प्रथमोपचारही आपल्या हातचा नाही, असे तो मनाशी ठरवून टाकतो. वास्तविक पाच वर्षांखालील मुलांवर घरात जे आकस्मिक प्रसंग ओढवतात, त्यांपैकी बहुतेकांत या पेटीचा फारसा उपयोग होत नाही. मूल भाजले तर पाणी लागते. जुलाबांनी गळून गेले तर पाणी, मीठ व साखर लागते. घशात शेंगदाणा अडकला तर रिकामा हात लागतो, आणि तापात आकडी आली तर बहुधा स्वतःचे हात आवरून धरण्याइतका धीर लागतो. ही सामग्री दरिद्री घरातही असते. अडचण निराळीच आहे. उपाय फार साधा असला, की तो उपाय आहे असे माणसाला वाटतच नाही.

मूल कळवळत असता वडीलधाऱ्यांना स्वस्थ बसवत नाही, आणि ते स्वाभाविकच आहे. काहीतरी केले पाहिजे, काहीतरी लावले पाहिजे, काहीतरी पाजले पाहिजे, अशी घाई सर्वांना होते. या ‘काहीतरी’ला रंग, वास किंवा किंमत असावी अशी मनाची नकळत अपेक्षा असते. पाण्याला यांपैकी काहीच नाही. म्हणून चहाचा पेला अंगावर सांडून मूल पोळले, की नळ दोन पावलांवर असूनही कोणी तुपाच्या भांड्याकडे धावतो, कोणी हळद आणतो, कोणी दात घासण्याची पेस्ट थापतो. पूर्वी दौतीतील शाई ओतीत असत. शाईची दौत गेली, परंतु सवय तशीच राहिली आहे.

भाजण्याच्या बाबतीत शास्त्र काय सांगते ते थोडक्यात पाहण्यासारखे आहे. गरम पदार्थ अंगावरून दूर झाला तरी त्याने दिलेली उष्णता त्वचेत मुरलेली असते आणि ती आतल्या थरांना जाळीत राहते. ती काढून नेणे हेच पहिल्या काही मिनिटांतील खरे काम होय. साधे थंड, वाहते पाणी हे काम उत्तम करते. मात्र त्याला वीस मिनिटे द्यावी लागतात. रडणाऱ्या मुलाला कडेवर घेऊन नळाखाली उभ्या असलेल्या माणसाला वीस मिनिटे हा काळ फार मोठा वाटतो. यासाठी घड्याळाकडे पाहावे, अंदाजावर जाऊ नये. आरंभी पाणी मिळाले नाही तरी तीन तासांपर्यंत या उपायाचा लाभ होतो. बर्फ लावू नये, कारण अतिशीततेने अगोदरच दुखावलेल्या त्वचेची अधिक हानी होते. तूप व पेस्ट यांचा थर उष्णतेला कोंडतो आणि जखमेत घाण नेतो. शिवाय पुढे डॉक्टरला जखमेची खोली पाहावयाची तर तो थर खरवडून काढावा लागतो आणि मुलाला दुसऱ्यांदा यातना होतात. भिजलेले कपडे काढावेत, परंतु कातडीला चिकटलेले ओढू नयेत. जेवढा भाग भाजला असेल तेवढाच पाण्याखाली धरून उरलेले अंग कोरड्या कापडात गुंडाळून उबदार ठेवावे, कारण अर्भकाचे शरीर फार लवकर गारठते. नंतर स्वच्छ कापड सैलसर झाकून मुलाला डॉक्टरकडे न्यावे. चेहरा, हात, सांधे अथवा जननेंद्रिये भाजली असतील, किंवा जखम मुलाच्या तळहातापेक्षा मोठी असेल, तर यात विलंब नको.

तथापि साधेपणावरील अविश्वासाची सर्वांत मोठी किंमत मोजावी लागते ती अतिसारात. जगात आजही दरवर्षी पाच वर्षांखालील चार लाखांहून अधिक मुले अतिसाराने दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. यांतील फार मोठा भाग जंतूंमुळे थेट मरत नाही. शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्याने मरतो. ते परत कसे भरून काढावे हे शास्त्राला अर्ध्या शतकाहून अधिक काळ ठाऊक आहे. एवढेच नव्हे, तर या ज्ञानाचा मोठा वाटा याच देशात, कलकत्त्यात आणि तिच्या आसपास निर्माण झालेला आहे. तो इतिहास येथे थोडा विस्ताराने सांगितला पाहिजे.

पटकीचा जंतू आतड्याची नासधूस करून रोग्याला मारतो, असा समज दीर्घकाळ रूढ होता. आतडेच नासले असेल तर तोंडाने पाजलेले पाणी शोषले जाणार कसे? म्हणून पाणी शिरेतूनच दिले पाहिजे, असा निष्कर्ष ओघानेच निघे. कलकत्त्याचे शंभुनाथ डे यांनी १९५९ साली दाखवून दिले की जंतू गाळून टाकलेल्या द्रवानेही सशाच्या आतड्यात पटकीसारखाच पाण्याचा पूर येतो. अर्थात हे काम जंतूने सोडलेल्या विषाचे आहे. हे विष आतड्याला पाणी बाहेर ओतावयास लावते, परंतु आतड्याचे अस्तर त्यामुळे नष्ट होत नाही. पुढल्याच वर्षी, १९६० मध्ये, रॉबर्ट क्रेन या अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञाने प्राग येथील परिषदेत आपली उपपत्ती मांडली. तिचा आशय असा, की आतड्याच्या पेशींमध्ये एक असे दार आहे जे मिठातील सोडियम व द्राक्षशर्करा, म्हणजे ग्लुकोज, ही दोन्ही बरोबर आली तरच उघडते. दोन्ही आत गेली की त्यांच्या पाठोपाठ पाणीही जाते. पटकीचे विष पाणी बाहेर जाण्याचा मार्ग मोकळा सोडते खरे, पण आत येण्याच्या या दाराला ते धक्का लावीत नाही. नुसते पाणी पाजले तर ते दाराशी थांबते. नुसते मीठ घातले तरी फारसे साधत नाही. मीठ व साखर योग्य प्रमाणात एकत्र दिली, की जुलाब चालू असतानाही शरीरात पाणी भरता येते. घरगुती उपायाचे सारे रहस्य या एका दारात आहे.

नवलाची गोष्ट अशी, की कलकत्त्याचेच डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी या उपपत्तीच्या कितीतरी आधी, १९५३ मध्ये, पटकीच्या रोग्यांना तोंडाने मीठ-ग्लुकोजचे पाणी देऊन बरे केल्याचा वृत्तान्त ‘लॅन्सेट’ या इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला होता. त्याकडे कोणी विशेष लक्ष दिले नाही. न्यायाने बोलावयाचे तर त्यात तुलनेसाठी दुसरा रुग्णगट नव्हता आणि हा उपाय का चालतो याची उपपत्तीही तेव्हा हाती नव्हती. परंतु एवढा क्षुल्लक उपाय एवढ्या भयंकर रोगावर चालेल, हे विद्वानांच्याही मनाला सहज पटणारे नव्हते, असे म्हणावयास जागा आहे. अविश्वास केवळ अशिक्षितांचाच असतो, असे समजण्याचे कारण नाही.

१९६८ मध्ये ढाका येथे डेव्हिड नलिन व रिचर्ड कॅश यांनी रुग्णालयातील चाचण्यांनी या उपायाची शहानिशा केली. त्यानंतर १९७१ साल उजाडले. पूर्व पाकिस्तानातील अत्याचारांना भिऊन लक्षावधी निर्वासित भारतात आले आणि सीमेवरील छावण्यांत पटकी पसरली. बनगाव येथील लहानशा रुग्णालयात रोगी जमिनीवर दाटीवाटीने पडलेले, शिरेतून देण्याचे पाणी संपत आलेले, ते टोचणारे शिक्षित हात तर अगदीच मोजके. तेथे डॉ. दिलीप महलनबीस यांनी एक निर्णय घेतला, आणि तो त्या काळच्या रुग्णालयीन शिस्तीला सोडून होता. एक लिटर पाण्यास ग्लुकोज २२ ग्रॅम, साधे मीठ ३.५ ग्रॅम व खाण्याचा सोडा २.५ ग्रॅम असे मिश्रण कलकत्त्यातील संशोधन केंद्रात तोलून पिशव्यांत भरण्यात आले. छावणीत ते पिंपातील पाण्यात कालवले जाई, आणि पिंपाची तोटी सोडून पेले भरभरून रोग्यांना पाजण्याचे काम त्यांच्या आया, बहिणी, भाऊ यांच्याकडे सोपविण्यात आले. आठ आठवड्यांत सुमारे ३,७०० रुग्णांवर असे उपचार झाले. आरंभी छावण्यांत शेकडा ३० पर्यंत गेलेले मृत्यूचे प्रमाण तेथे शेकडा ३.६ वर आले. सात वर्षांनी, १९७८ मध्ये, त्याच ‘लॅन्सेट’ने आतड्यातील या दाराचा शोध हा कदाचित शतकातील सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध ठरेल, असा अभिप्राय दिला. डॉ. महलनबीस २०२२ मध्ये निवर्तले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

अशा देशात ही ‘जलसंजीवनी’ घरोघर वापरली जात असेल, अशी कोणाचीही अपेक्षा असणार. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे पाहता २०१५-१६ मध्ये जुलाब झालेल्या शंभर मुलांपैकी सुमारे ५१ मुलांना, व २०१९-२१ मध्ये सुमारे ६१ मुलांना ती मिळाली. प्रगती झाली हे खरे, पण पाचांपैकी दोन मुले वंचित राहिलीच. जस्ताच्या, म्हणजे झिंकच्या, गोळ्या तर शंभरांपैकी सुमारे ३० मुलांनाच मिळाल्या.

याचे एक कारण साऱ्यांच्या पाहण्यातले आहे. जलसंजीवनीने जुलाब लगेच थांबत नाहीत. आई दोन पेले पाजते, मूल पुन्हा परसाकडे होते, आणि ‘आत गेले तेवढे बाहेर आले’ असे म्हणून ती पाजणे सोडून देते. पुष्कळ घरांत तर मुळातच पाणी व अन्न तोडण्याची चाल आहे. वरवर पाहता हा तर्क बिनतोड वाटतो. पण तो चुकीचा आहे. जुलाब थांबविणे हे या पाण्याचे कामच नव्हे. जंतूंचा जोर बहुधा काही दिवसांत आपोआप ओसरतो. तोपर्यंत मुलाला जगवून ठेवणे, एवढेच त्याचे काम. हा भेद आईला आधीच समजावून सांगितला, तर ती तिसरा पेलाही पाजील. तो न सांगता केवळ पुडी हातात ठेवली, तर पुडी फळीवर पडून राहते.

दुसरे कारण अधिक खेदाचे आहे. गावातील डॉक्टरने मुलाला नुसती पुडी दिली, तर पालकांना आपली फसवणूक झाल्यासारखे वाटते. ‘सलाईन’ लावले, सुई टोचली, की उपचार झाल्याचे समाधान मिळते. हे जाणून काही डॉक्टरही सुईच टोचतात आणि गरज नसताना प्रतिजैविके लिहून देतात. ज्या मुलाला गिळता येते, त्याच्या शरीरात बाटलीतून थेंब थेंब जाणारे पाणी आणि चमच्याने पाजलेले पाणी एकच काम करतात. शिरेतील पाण्याची खरी गरज गिळू न शकणाऱ्या, ग्लानी आलेल्या किंवा अत्यंत सुकलेल्या मुलाला असते. त्याला ते तातडीने मिळालेच पाहिजे. विवाद आहे तो इतरांविषयी.

उपायाची रीत सोपी असली तरी तीत माप पाळावे लागते. सध्याच्या सूत्राप्रमाणे बनविलेल्या मोठ्या पुडीत २०.५ ग्रॅम चूर्ण असते आणि ते पूर्ण एक लिटर स्वच्छ पाण्यात एकदम कालवावयाचे असते. अर्धी पुडी पेल्यात टाकून अंदाजाने पाणी ओतू नये. लहान पुड्याही मिळतात. त्यांवर किती पाणी घ्यावे हे छापलेले असते, ते वाचावे. प्रत्येक पातळ परसाकडेनंतर दोन वर्षांखालील मुलाला ५० ते १०० मिलिलिटर आणि त्याहून मोठ्याला १०० ते २०० मिलिलिटर द्यावे. चमच्या-चमच्याने, घाई न करता. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा, अधिक सावकाश. कालवलेले पाणी चोवीस तासांनंतर टाकून द्यावे. अंगावरचे दूध मुळीच बंद करू नये, उलट अधिक वेळा पाजावे, आणि मोठ्या मुलाचे नेहमीचे जेवण चालू ठेवावे. सहा महिन्यांवरील मुलाला डॉक्टर किंवा आशा कार्यकर्तीच्या सल्ल्याने झिंकची २० मिलिग्रॅमची मात्रा रोज, चौदा दिवस द्यावी. जुलाब थांबले तरी मध्येच सोडू नये.

पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ. येथे मात्र अतिशय दक्षता हवी. मीठ अधिक झाले तर ते मुलाच्या मेंदूला अपायकारक होते, तेव्हा ‘थोडे जास्त घातले तर गुण लवकर येईल’ हा विचार मनातून काढून टाकावा. मापाविषयी शंका असेल तर तांदळाची पेज अथवा वरणाचे पाणी किंचित मीठ घालून द्यावे आणि पुडी मागवावी. बाटल्यांतील गोड फळपेये व शीतपेये मात्र देऊ नयेत. त्यांतील जादा साखर आतड्यात उलट पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढविते. अशी काही पेये नावात ‘ओआरएस’ ही अक्षरे मिरवीत अनेक वर्षे औषधांच्या दुकानांत विकली गेली. अखेर २०२५ च्या ऑक्टोबरात भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने त्या नावास मनाई केली. ती फार आधी व्हावयास हवी होती.

एक आक्षेप काही जाणत्या मंडळींकडून नेहमी घेतला जातो. अशी माहिती सामान्य माणसाच्या हाती दिली तर तो डॉक्टरकडे जाण्याचे टाळील, अर्धवट ज्ञानाने मुलाचे नुकसान करील. भीती अगदीच निराधार नाही. परंतु अनुभव काय सांगतो? बनगावात पेले पाजणारे हात निर्वासितांचेच होते. बांगलादेशात १९८० नंतरच्या दशकात ‘ब्रॅक’ या संस्थेच्या कार्यकर्त्या स्त्रियांनी घरोघर जाऊन एक कोटीहून अधिक घरांतील आयांना चिमूटभर मीठ, मूठभर गूळ व अर्धा शेर पाणी हे मिश्रण समोर बसवून करावयास शिकविले. महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने खेड्यातील स्त्रियांना नवजात अर्भकांच्या घरगुती शुश्रूषेचे शिक्षण दिले. तेथील नवजातांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा शेकडा ६२ ने घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्याच धर्तीवरील गृहभेटींची योजना २०११ पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर सुरू झाली. या तिन्ही ठिकाणी ज्ञान अर्धवट नव्हते. ते थोडे होते, पण जेवढे होते तेवढे पुरे आणि पक्के होते. शिवाय डॉक्टरकडे केव्हा गेलेच पाहिजे, हा त्या ज्ञानाचाच एक भाग असतो. मूल पिईनासे झाले, प्यालेले सर्व ओकू लागले, ग्लानीत गेले, डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली असता हळूहळू पूर्ववत होऊ लागली, सहा तास लघवी झाली नाही किंवा जुलाबात रक्त दिसले, तर वाटेत पाणी पाजीत रुग्णालय गाठावे. दोन महिन्यांखालील अर्भकाच्या बाबतीत ही लक्षणे दिसेपर्यंतही थांबू नये.

उरलेले प्रसंग हात आवरण्याचे आहेत. तापात आकडी आलेल्या मुलाच्या तोंडात चमचा घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, पाणी ओतू नये. कुशीवर वळवावे, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्या आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत आकडी थांबली नाही तर तत्काळ रुग्णालयात न्यावे. थांबली तरी त्याच दिवशी डॉक्टरला दाखवावे. शीतपेयाच्या बाटलीत ठेवलेले रॉकेल किंवा शौचकूप धुण्याचे आम्ल मूल प्यायले, तर उलटी करवू नये. रॉकेल उलटताना फुप्फुसात शिरते आणि आम्ल परत येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा जाळते. बाटली बरोबर घेऊन निघावे.

घशात काही अडकले आणि मूल जोराने खोकत असेल, तर त्याला खोकू द्यावे. खोकला, रडणे व आवाज बंद झाला तरच हात लावावा. तोंडात आंधळेपणाने बोट घालू नये, पाय धरून उलटे टांगू नये. वर्षाखालील अर्भकाला हातावर पालथे, डोके छातीपेक्षा खाली राहील असे धरून, हनुवटीला आधार देऊन, खांद्यांच्या फऱ्यांमध्ये तळहाताच्या मुळाने पाच थापा माराव्या. मग उताणे करून छातीच्या मध्यावर पाच दाब द्यावे. वस्तू बाहेर पडेपर्यंत आळीपाळीने. वर्षावरील मुलाला पाठीवरील थापांनंतर छातीऐवजी, मागे बसून, बेंबीच्या वर पोटावर आत व वरच्या दिशेने दाब द्यावा. मूल बेशुद्ध झाले तर १०८ किंवा ११२ या क्रमांकावर तत्क्षणी मदत मागवावी, आणि येत असेल त्याने छातीवर दाब देत कृत्रिम श्वास देण्यास आरंभ करावा. हे वाचून पुरते येत नाही. बाहुलीवर एकदा तरी हाताने करून पाहावे लागते. शेंगदाणे, फुटाणे व चिंचोके पाच वर्षांखालील मुलांच्या हाती न देणे हे त्याहून सोपे.

हे सर्व आईने शिकावे, असे म्हणून बहुतेक पुस्तिका मोकळ्या होतात. परंतु प्रसंग येतो तेव्हा आई शेतावर किंवा कामावर असते, आणि मुलापाशी आजी असते, शेजारीण असते किंवा दहा-अकरा वर्षांची थोरली बहीण असते. बापही घरात असतो. त्याला वगळण्याचे कारण कोणी सांगितलेले नाही. या सर्वांना एकदा तरी पुडी प्रत्यक्ष कालवावयास लावावे. घरातील कोणत्या तांब्यात बरोबर एक लिटर पाणी मावते, हे मूल धडधाकट असतानाच मोजून त्यावर खूण करून ठेवावी; रात्री दोन वाजता, मूल मांडीवर असता, ते शोधणे कठीण जाते.